नारळ फुटल्यानंतर

कोणत्याही सोसायटीत दोन समित्यांसाठी माणसं मिळत नाहीत. एक पर्यावरण समिती आणि दुसरी आपत्ती व्यवस्थापन समिती. पार्किंग समितीवर जायला लोक एकमेकांच्या अंगावर धावून जातात, गणेशोत्सव समितीत शिरायला वर्षभर गोड बोलतात. पण झाडं आणि आग या दोन विषयांसाठी ‘कोण इच्छुक आहे?’ असं अध्यक्षांनी सर्वसाधारण सभेत विचारलं, की सभागृहातल्या सगळ्यांना एकाच वेळी आपापल्या चपला आठवतात. पुण्यातल्या आमच्या सोसायटीने यावर तोडगा काढला. दोन्ही समित्या एक करून टाकल्या. ‘दोन्हीकडे शेवटी तीच माणसं येणार, निदान चहाचा खर्च निम्मा होईल,’ असं खजिनदार म्हणाले आणि ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. पेंटरला मजकूर दिला : ‘पर्यावरण व आपत्ती व्यवस्थापन समिती’. फलक लहान निघाला. पेंटरने स्वतःच्या अधिकारात काटछाट करून ‘पर्यावरण आपत्ती समिती’ असं सुवाच्य अक्षरात रंगवून दिलं. फलक अजून तसाच आहे. समितीचं काम पाहिल्यावर तो बदलावा, असं कुणाला वाटलं नाही.

समितीत 904वाले काका आहेत. सोसायटीत माणसांना आडनावं नसतात, फ्लॅट नंबर असतात. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे पाणी या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा असतो, आणि बरेचदा पहिलाही. दुसऱ्या 302वाल्या काकू. त्या घरच्या घरी खत करतात आणि ते दिसेल त्या कुंडीत परवानगीशिवाय घालतात. तिसरे खजिनदार, कारण खर्चाला ‘नाही’ म्हणायला कुणीतरी लागतं. आणि इतिवृत्त लिहायला मी.

आमचं वर्ष 5 जूनला सुरू होतं. 1972 साली याच तारखेला स्टॉकहोममध्ये संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद सुरू झाली, म्हणून हा जागतिक पर्यावरण दिन. स्टॉकहोमचं हवामान बघता तारीख उत्तम आहे. पुण्यात त्या दिवशी जमिनीत पहार शिरत नाही, टाकीत टँकरचं पाणी असतं आणि मोसमी पाऊस कोकणात कुठेतरी रेंगाळत असतो. ‘आठवडाभर थांबा, रोप आपसूक धरेल,’ असं 904वाले काका दरवर्षी सांगतात. पण पाहुणे 5 तारखेलाच मिळतात. पाऊस पडल्यावर झाड लावलं तर त्याची बातमी होत नाही.

वृक्षारोपणाचा सोहळा जवळून बघण्यासारखा असतो. एवढंसं रोप, पण त्याला पाच-सहा जणांचे हात लागलेले असतात. त्यातला एकही हात माती लोटत नसतो; सगळ्यांच्या नजरा रोपाकडे नाही, फोटोवाल्याकडे. पाहुण्यांच्या हातात झारी दिली जाते तीही रिकामी, कारण भरलेली झारी हातात थरथरते आणि फोटो हलतो. मग नारळ, मग दोन शब्द, मग पोहे. रोपाच्या वाट्याला पाणी येतं ते पोह्यांनंतर हात धुताना, तेही पाहुण्यांचा बेसिनपर्यंत जायचा कंटाळा असेल तरच.

झाड कोणतं लावावं यावर मात्र आमच्याकडे सखोल चर्चा होते. 302वाल्या काकूंचा आग्रह देशी झाडांचा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री अमेरिकेतून आलेला, हे त्या अशा सुरात सांगतात की दोन्ही झाडं जणू भाडेकरार न करता राहतायत. वादळात उन्मळून पडणाऱ्यांत गुलमोहराचा नंबर वरचा असतो, हेही खरंच. गाडी लावणाऱ्यांना ते पाठ आहे. एका बैठकीत सभासदांनी आपल्या अपेक्षा लेखी दिल्या. पानं गळू नयेत. मुळं पसरू नयेत. पक्षी बसू नयेत, कारण खाली गाड्या असतात. फळ धरू नये, कारण पोरं दगड मारतात. उंच वाढून दुसऱ्या मजल्याचा उजेड अडवू नये, पण पार्किंगवर दाट सावली पडावी. खजिनदारांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, ‘याला शेड म्हणतात. पत्र्याची मिळते.’

राज्य सरकारने वृक्षलागवडीची उद्दिष्टं 2016 मध्ये 2 कोटी, मग 4, मग 13 आणि 2019 मध्ये 33 कोटी अशी चढवत नेली होती. आमचं उद्दिष्ट त्यामानाने स्थिर आहे. गेटजवळचा एकच खड्डा. त्याने आजवर कडुनिंब, बकुळ, कांचन आणि पुन्हा कडुनिंब पाहिला आहे, आणि आता तो बराच अनुभवी झाला आहे. यात एक कायदेशीर गंमत आहे. झाड मोठं झालं की 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. रोप मरू द्यायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. त्यासाठी अर्ज नाही, फी नाही, सुनावणी नाही. फक्त 6 जूनपासून तिकडे फिरकायचं नाही. एवढं आम्ही काटेकोरपणे पाळतो.

हा 6 जून आमच्या सार्वजनिक जीवनातला सगळ्यात दुर्लक्षित दिवस आहे. पहिल्या दिवसाला नारळ असतो, हार असतो, अध्यक्ष असतात. दुसऱ्या दिवसाला कुणी नसतं.

ओल्या कचऱ्याचंही असंच. 2016 च्या घनकचरा नियमांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हा आम्ही मागच्या बाजूला खताचे हौद बांधले. नारळ फोडून उद्घाटन झालं, आणि त्या नारळाची करवंटी ओल्यात टाकायची की सुक्यात, यावर तिथल्या तिथे दोन गट पडले. ‘कुजतं ते ओलं,’ असा 302वाल्या काकूंचा सरळ नियम. ‘करवंटी कुजेपर्यंत सोसायटीचा पुनर्विकास होईल,’ असं 402वाले म्हणाले. मग कणसाचं बुरकुंड आलं, आंब्याची कोय आली, अंड्याची टरफलं आली, आणि टरफलं आली म्हटल्यावर ‘हौदात अंडं चालेल का’ हा धार्मिक प्रश्न आला. शेवटी करवंटी अध्यक्षांनी घरी नेली. त्यांच्याकडे ती अजून असावी.

हौदाचं शास्त्र अवघड नाही. ओल्या कचऱ्यावर सुक्या पाल्याचा थर द्यायचा, मधूनमधून वरखाली करायचं, हवा खेळती ठेवायची. हवा मिळाली नाही की तो वास मारतो. हे वरखाली करण्याचं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं, हीच अडचण. आठवड्याभरात हौद बोलू लागला. तळमजल्यावरच्यांनी लेखी तक्रार दिली. खजिनदारांनी आशा सोडली नव्हती, कारण गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं असे प्रकल्प असतील तर पुणे महापालिका मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सवलत देते. अर्ज भरताना त्यांना कळलं की प्रकल्प नुसता असून भागत नाही, तो चालू असावा लागतो. ‘ही जरा जाचक अट आहे,’ असं त्यांनी इतिवृत्तात लिहायला लावलं.

त्यातल्या त्यात यशस्वी झालं ते ई-कचरा संकलन. लोकांनी बंद पडलेले मिक्सर, चार्जर आणि रेडिओ आणून टेबलावर मांडले. मग प्रत्येकाने दुसऱ्याचं सामान चाळलं. ‘अहो, हा चालेल की, नुसती वायर तुटलीय,’ असं म्हणत ज्याने मिक्सर आणला तो रेडिओ घेऊन गेला आणि ज्याने रेडिओ आणला त्याने दोन चार्जर नेले. संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा टेबलावर एक रिमोट होता, आणि तोही कुणीतरी विसरून गेलेला निघाला.

आता आपत्तीकडे येऊ. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा सुस्थितीत ठेवायची जबाबदारी मालकांची किंवा रहिवाशांची, आणि तसं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. म्हणजे दुसरा दिवस विसरायचा नाही, असं सांगणारा हा बहुधा एकमेव कायदा. म्हणूनच तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

आमच्या यंत्रणेची पाहणी करायला समिती निघाली तेव्हा बऱ्याच गोष्टी प्रथमच कळल्या. प्रत्येक मजल्यावर भिंतीला गुंडाळलेला लाल पाइप असतो. त्याने तळमजल्यावर रविवारी गाड्या धुतल्या जातात, त्यामुळे तो उत्तम स्थितीत होता. हायड्रंटची पितळी नोझल चोरीला गेली होती. नवी आणली ती पुन्हा चोरीला जाऊ नये म्हणून पंप-रूममध्ये कुलपात ठेवली, आणि किल्ली सेक्रेटरींकडे. पाचव्या मजल्यावर छतातल्या स्प्रिंकलरला आकाशकंदील लटकत होता. दिवाळी होऊन बरेच महिने झाले होते. आठव्या मजल्यावर आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळी ठेवायची जागा असते, तिथे कुरडया वाळत होत्या आणि एक टेबल टेनिसचं टेबल होतं.

सगळ्यात करुण कहाणी जॉकी पंपाची. या पंपाचं काम एवढंच, की आगीच्या पाइपातला दाब जरा उतरला की आपोआप सुरू व्हायचं, दाब भरायचा आणि बंद व्हायचं. आमच्या पाइपाला कुठेतरी गळती होती, त्यामुळे तो बिचारा रात्री-बेरात्री सुरू व्हायचा. गळती शोधायला खर्च होता. तळमजल्यावरच्यांची झोप मोडत होती. तेव्हा कुणीतरी पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर आणला आणि सगळ्यांना शांत झोप लागली. ज्या यंत्राने आपल्याला जागं करायचं, त्याला झोपवून आपण झोपायचं, असा तो तोडगा होता.

प्रशिक्षण द्यायला अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांनी सुरुवात 14 एप्रिल 1944 पासून केली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला त्या दिवशी आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात स्फोटकंही होती. आग विझवता विझवता अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. हे सांगून ते क्षणभर थांबले, आम्हीही थांबलो. मग ते म्हणाले, ‘चला, तुमची मीटर रूम दाखवा.’ दार उघडलं. विजेच्या मीटरांच्या खाली सोसायटीची सहा-सात वर्षांची रद्दी, रंगाचे उरलेले डबे आणि टर्पेंटाइन रचून ठेवलेलं होतं. गणपतीच्या मखराचं थर्मोकोलही तिथेच. गृहस्थ काही बोलले नाहीत. खजिनदार मात्र घाईघाईने म्हणाले, ‘रद्दीचा भाव वाढायची वाट बघतोय.’

पुढची पायरी रहिवाशांची माहिती. आपत्तीत कुणाला आधी बाहेर काढायचं हे ठरवायला घरोघरी फॉर्म दिले. वयाच्या रकान्यात पुरुषांनी जन्मवर्ष लिहिलं, बायकांनी ‘ज्येष्ठ’ किंवा ‘लागू नाही’. ‘चालण्यास मदत लागते का?’ या प्रश्नाला ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत त्यांनी ठणठणीत ‘नाही’ असं उत्तर दिलं, आणि 402वाल्या तरण्याबांड माणसाने ‘गाडीपर्यंत’ असं. ‘आपत्काळात उपयोगी पडेल असं कौशल्य’ या रकान्याने तर समितीला नवी दृष्टी दिली. त्यात सूत्रसंचालन होतं, उकडीचे मोदक होते, हार्मोनियम होती आणि एकाने ‘नगरसेवकांशी ओळख’ लिहिली होती. प्रथमोपचार कुणीच लिहिला नव्हता. वास्तविक इमारतीत दोन डॉक्टर राहतात, पण त्यांनी फॉर्म भरलाच नाही. एकदा कळलं की लोक रात्री लिफ्टमध्ये जीभ दाखवतात, असा त्यांचा अनुभव.

मग मॉक ड्रिल. नोटीस बोर्डावर सेक्रेटरींनी सूचना लावली : ‘रविवारी सकाळी साडेदहा वाजता ए विंगमध्ये अचानक आग लागेल. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. अल्पोपाहार : वडा, चहा.’ त्यावर 1102वाल्यांचा ग्रुपवर निरोप आला, की त्यांच्याकडे पाहुणे आहेत, आग सव्वाअकराला लागली तर बरं. एकाने विचारलं, बी विंगवाल्यांना वडा आहे का, कारण आग फक्त ए विंगला आहे.

साडेदहाला सायरन वाजला. सगळी इमारत बाल्कनीत आली आणि आग कुठे दिसते का ते वाकून बघू लागली. खाली उतरायचंय असं भोंग्यावरून सांगितल्यावर लोक कपडे बदलून, कुलपं लावून, लिफ्टने खाली आले. ‘आगीत लिफ्ट वापरायची नसते,’ असं प्रशिक्षक म्हणाले. ‘जिन्यात सायकली आहेत,’ असं उत्तर मिळालं. ते जिन्याने वर गेले. सायकली होत्या. चपलांची कपाटं होती. तिसऱ्या मजल्यावर धूर अडवणारा दरवाजा कायम उघडा राहावा म्हणून त्याला वीट लावलेली होती, आणि विटेला रंगसुद्धा दिलेला होता.

खाली आल्यावर त्यांनी टेप काढून गेटपासूनचा रस्ता मोजला. आगीच्या बंबाला किमान सहा मीटर मोकळी वाट हवी. ती भरली नाही, कारण वाटेच्या कडेला समितीच्या पर्यावरण शाखेने कुंड्यांची देखणी रांग लावली होती. इथे समितीची दोन्ही अंगं प्रथमच समोरासमोर आली. प्रशिक्षक म्हणाले, कुंड्या हलवा. 302वाल्या काकू कुंड्यांसमोर उभ्या राहिल्या. ‘आग लागलीच तर लागेल,’ त्या म्हणाल्या, ‘झाडं रोज लागतात.’

शेवटी अग्निशामकाचं प्रात्यक्षिक. पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवलं. पिन काढा, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवत न्या. एवढे चार टप्पे. पावडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद पुरते, त्यामुळे विचार आधी करून ठेवायचा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, असंही त्यांनी दोनदा सांगितलं. 402वाले पुढे सरसावले. पिन काढताना फोटोसाठी थांबले, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि नळी ज्वाळेच्या शेंड्यावर रोखली. आग तशीच राहिली. पावडर वाऱ्यावर स्वार होऊन वड्यांच्या परातीवर जाऊन बसली. अग्निसुरक्षेचं गांभीर्य लोकांना कळलं ते त्या क्षणी. परातीपाशी मावशी उभ्या होत्या, अनेक घरी काम करणाऱ्या. त्यांना वडे वाटायला बोलावलं होतं. सबंध कार्यक्रमात मन लावून ऐकणाऱ्या त्या एकट्याच होत्या, कारण बाकीचे आपापला फोटो आला का ते बघत होते.

पावसाळ्यात आमच्या सज्जतेला उधाण येतं. पुणेकर हा मुळातच पूर बघायला जाणारा प्राणी आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेने शहराचा काठ धुऊन नेला. तेव्हाच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. तरी खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की माणसं छत्र्या घेऊन पुलावर जातात. पाण्याची पातळी सांगायला शहराचं स्वतःचं एकक आहे : भिडे पूल गेला का? भिडे पूल पाण्याखाली गेला म्हणजे पावसाळा अधिकृतपणे सुरू झाला, असं मानायची पद्धत आहे.

904वाले काका अशा वेळी ग्रुपवर विसर्गाचे आकडे टाकतात. एकदा आम्ही सगळे पुलावर असताना त्यांनी खजिनदारांना समजावलं : एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. दहा हजार क्युसेक सोडलं की सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटर. खजिनदारांनी मनात टँकरचा हिशेब केला. दहा हजार लिटरचा एक, म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस टँकर पुलाखालून फुकट चालले होते. त्यांनी कठड्याचा आधार घेतला. मार्च ते मेमधली सगळी बिलं त्यांच्या डोळ्यांसमोरून वाहून गेली असणार.

पण 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं आणि रहिवाशांना होड्यांमधून बाहेर काढावं लागलं, तेव्हा पुलावरची गंमत जरा ओसरली. आमची सोसायटी नदीपासून लांब आहे, पण लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आमच्याकडेही येतं. नदीचं नाही, गच्चीवरचं. पावसाचं पाणी जिरवायला जो शोषखड्डा केला, त्याची जाळी पाल्याने गच्च भरलेली. पाला काढायचा आणि तो खताच्या हौदात सुका थर म्हणून टाकायचा, एवढं केलं असतं तर पाणीही जिरलं असतं आणि हौदाचा वासही गेला असता. दोन दुखण्यांचं औषध एकाच खराट्याच्या टोकाला होतं. पण पाला काढण्याचं उद्घाटन करता येत नाही.

सरकारी इशाऱ्यांबद्दल काय सांगावं! 20 जुलै 2023 ला सकाळी राज्यभर मोबाइल एकदम कर्कश ओरडले. दूरसंचार विभागाची चाचणी होती, आणि तसं पडद्यावर लिहिलंही होतं. आमच्याकडे कुणी ते वाचलं नाही. सगळे दारात आले आणि एकमेकांना विचारू लागले, ‘तुमचाही वाजला?’ ज्यांचा वाजला नाही ते खट्टू झाले. 201वाल्यांनी तर मोबाइल कंपनीला फोन करून ‘आमचा का नाही वाजवला?’ अशी तक्रार नोंदवली.

या सगळ्या तयारीची खरी परीक्षा एका साध्या दुपारी झाली. ‘कुणाकडे गॅसचा वास येतोय का?’ असं सातव्या मजल्यावरून कुणीतरी ग्रुपवर टाकलं. उत्तरं भराभर आली. ‘आमच्याकडे नाही.’ ‘सी विंगला नाही.’ ‘हिंगाचा असेल.’ ‘खताच्या हौदाचा असेल, मी तेव्हाच म्हटलं होतं.’ 402वाल्यांनी गॅस सुरक्षेची चौदा पानी पुस्तिका पाठवली. तिच्यात 1906 हा गॅसगळतीचा मदत क्रमांक होता, पण तो अकराव्या पानावर. एकाने पुस्तिकेला नमस्काराचे हात जोडले. ते पाहून पुढच्या अनेकांनी जोडले, आणि मूळ प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

प्रत्यक्षात सातव्या मजल्यावर दोघे-तिघे जमले होते आणि वास 703मधून येतोय, इथपर्यंत त्यांचं एकमत झालं होतं. तिथल्या आजी एकट्या राहतात. एकाने बेलवर बोट ठेवलं, आणि मागून मावशी ओरडल्या, ‘दादा, बेल नका दाबू! ठिणगी पडंल!’ बोट हवेत राहिलं. मावशींनी दारावर थापा मारल्या, आजींना ऐकू कमी येतं हे आठवून थापा थांबवल्या, आणि जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेल्या, कारण 703ची दुसरी किल्ली 201मध्ये देवघराच्या खणात असते हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. परत येऊन त्यांनी दार उघडलं, दिवा न लावता आत गेल्या, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. शेगडीवर दूध उतू जाऊन ज्योत विझली होती. आजी बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांना सर्दी होती. ‘आलीस? भांडी आहेत गं,’ एवढंच त्या म्हणाल्या.

खाली वॉचमनने तेवढ्यात गेट उघडून, वाटेत आडवी लावलेली गाडी कुणाची हे न विचारता, मालकाला नावानिशी हाक मारून ती बाजूला घ्यायला लावली होती, बंब आलाच तर म्हणून. कुठली गाडी कुणाची, कुणाचा मुलगा कुठे असतो, कुणाच्या आईला रात्री दोनदा उठायला लागतं, टाकीचा वॉल्व कोणत्या बाजूला फिरतो आणि गेटजवळच्या रोपाला परवा पाणी कुणी घातलं, ही सगळी माहिती त्याच्या आणि मावशींच्या डोक्यात होती. यंदाचा कडुनिंब अजून हिरवा का, याचं कोडं मला तेव्हा उलगडलं. रात्रपाळी संपताना तो आपली बाटली त्या खड्ड्यात रिकामी करतो. आमच्या सोसायटीला दुसरा दिवस आहे. फक्त तो आमच्याकडून पगार घेणाऱ्यांच्या वाट्याला आलेला आहे.

पुढच्या सर्वसाधारण सभेत अर्थातच भाषणं झाली. अध्यक्ष गहिवरले. मावशी आणि वॉचमन यांचा सत्कार करावा असं ठरलं. स्टेजवर बोलावून ‘तुम्हाला काय हवं ते सांगा’ असं त्यांना उदार अंतःकरणाने विचारलं गेलं. मावशी म्हणाल्या, ‘जिन्यातल्या सायकली काढा तेवढ्या. कोपर लागलं मला धावताना.’ वॉचमन म्हणाला, ‘साहेब, पंप-रूमची एक जास्तीची किल्ली करून द्या. नोझल आत असतं, किल्ली सेक्रेटरी साहेबांकडं असते, आणि साहेब शनिवार-रविवार महाबळेश्वरला असतात.’

सभेत यावर बराच वेळ साधकबाधक चर्चा झाली. इतिवृत्तात मी लिहिलं ते असं : शाल आणि श्रीफळ, दोन नग, एकमताने मंजूर. सायकलींबाबत उपसमिती नेमण्यात आली. किल्लीसाठी तीन कोटेशनं मागवण्यात यावीत.